नऊ विजयांचे असमाधान

ऑगस्ट महिना संपत आला की अमेरिकेच्या मध्यावर पसरलेल्या नेब्रास्का राज्यात दोन पिकांचे अंदाज बांधले जाऊ लागतात. एक मक्याच्या पिकाचा आणि दुसरा लिंकन शहरातील राज्य विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला मिळणाऱ्या विजयांचा. राज्याचे अर्थकारण पहिल्यावर अवलंबून असले, तरी बोलणे अधिक होते ते दुसऱ्याविषयीच. न्हाव्याच्या दुकानात, कॉफीच्या टेबलाभोवती, रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात आणि श्रोत्यांनी दूरध्वनीवरून मते मांडावयाच्या नभोवाणी कार्यक्रमांत एकच प्रश्न निरनिराळ्या स्वरांत विचारला जातो : यंदा बारापैकी किती?

हा प्रश्न वरवर पोरकट वाटतो. महाविद्यालयीन मुलांच्या खेळाची एवढी चिंता थोरामोठ्यांनी का वाहावी, असे आपल्याकडील वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु या वादाच्या मुळाशी गेले तर त्यात केवळ खेळ नाही, असे दिसते. एखादा समाज आपल्या संस्थांकडून काय अपेक्षितो, यशाचे माप कसे ठरवितो आणि ते माप हाती धरून आपल्याच माणसांशी कसा वागतो, याचा पुरावा या गप्पांत सापडतो.

प्रथम खेळाविषयी थोडे. अमेरिकेतील फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, प्रतिस्पर्ध्यांची फळी फोडून पुढे सरकण्याचा हा खेळ. अकरा-अकरा खेळाडू, शंभर यार्डांचे मैदान आणि दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार संधी. सीमारेषा ओलांडली की सहा गुण मिळतात. त्यानंतर चेंडू लाथेने खांबांमधून धाडला तर एक गुण आणि पुन्हा चढाई करून रेषा ओलांडली तर दोन. महाविद्यालयीन संघांमधला पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रट्गर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला असे मानतात. तेव्हापासून हा खेळ विद्यापीठांच्या अंगणातच वाढला. धंदेवाईक संघ पुष्कळ पुढे आले.

नेब्रास्कात तर सर्वोच्च श्रेणीतला धंदेवाईक फुटबॉल संघ आजही नाही. २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे १९ लाख ६० हजार लोकवस्तीच्या या राज्यात विद्यापीठाचा संघ हाच सर्वांचा संघ. १९२३ साली उभारलेल्या आणि युद्धात पडलेल्यांचे स्मारक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममध्ये सामन्याच्या दिवशी ८५ हजारांच्या आसपास प्रेक्षक जमतात. ओमाहा आणि लिंकन यांच्यानंतर त्या दिवसापुरते राज्यातले तिसरे मोठे शहर हेच, असे तेथे कौतुकाने म्हटले जाते. ३ नोव्हेंबर १९६२ पासून येथील प्रत्येक सामन्याची सर्व तिकिटे विकली गेल्याची नोंद आहे आणि ही अखंड मालिका चारशे सामन्यांच्या पुढे गेली आहे. अलीकडे ती टिकविण्यासाठी दात्यांना पुढे यावे लागले, ही गोष्टही तेथील लोक जाणून आहेत. तांबड्या कपड्यांतला हा समुदाय सामना संपल्यावर पाहुण्या संघासाठी टाळ्या वाजवितो. हरल्यावरही वाजवितो. अशा लोकांच्या वादाला केवळ हुल्लड म्हणून बाजूला सारणे योग्य होणार नाही.

मतांवर ठरणारे अजिंक्यपद

या खेळाविषयी एवढा वाद का होतो, याचे एक कारण त्याच्या रचनेतच आहे. मोसम सप्टेंबर ते नोव्हेंबर एवढाच; नियमित सामने बारा. सर्वोच्च श्रेणीत १३० हून अधिक संघ. बारा सामन्यांत एवढ्या संघांनी परस्परांशी खेळणे अशक्य. मग श्रेष्ठ कोण हे ठरवायचे कसे? दीर्घकाळ हा निर्णय मैदानावर न होता मतपत्रिकेवर होत असे. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था क्रीडा-पत्रकारांची मते घेऊन क्रमवारी प्रसिद्ध करू लागली. १९५० पासून प्रशिक्षकांची वेगळी क्रमवारी सुरू झाली. ज्या खेळात निकालच मतांवर अवलंबून, तेथे प्रत्येक प्रेक्षक स्वतःला मतदार समजणार हे ओघानेच आले.

नेब्रास्काने या पद्धतीची दोन्ही टोके अनुभवली. १९९७ च्या मोसमात नेब्रास्का आणि मिशिगन हे दोन्ही संघ अपराजित राहिले. पत्रकारांनी मिशिगनला अजिंक्य ठरविले, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. दोघांचा सामना कधी झालाच नाही आणि त्यामुळे तो वाद आजही मिटलेला नाही. पुढील वर्षापासून मतांच्या जोडीला संगणकाचे गणित आणून पहिल्या दोन संघांत अंतिम सामना घेण्याची व्यवस्था झाली. २००१ साली त्या गणिताने नवाच पेच निर्माण केला. नेब्रास्काचा संघ शेवटच्या नियमित सामन्यात कोलोरॅडोकडून ३६-६२ असा सपाटून हरला; आपल्या गटातही तो पहिला आला नाही. तरीही आकडेमोडीत दुसरा ठरून तो अंतिम सामन्यास पात्र झाला आणि तेथे मायामीकडून १४-३७ असा पराभूत झाला. संगणक पक्षपात करीत नाही हे खरे. पण त्याला काय मोजायचे ते माणसेच सांगतात, हा धडा त्या हिवाळ्यात पुष्कळांना मिळाला. २०१४ च्या मोसमापासून चार आणि २०२४ पासून बारा संघांची बादफेरी सुरू झाली. वाद मात्र थांबला नाही. पूर्वी दुसरा आणि तिसरा संघ कोणता यावर भांडण होई, आता बारावा आणि तेरावा कोणता यावर होते.

एका गुरुजींची बावीस वर्षे

या राज्याच्या क्रीडास्मृतीत टॉम ऑस्बर्न यांचे स्थान असाधारण आहे. शैक्षणिक मानसशास्त्रातील डॉक्टरेट मिळविलेला हा मितभाषी गृहस्थ १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षे मुख्य प्रशिक्षक होता. २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी. एकाही वर्षी नवापेक्षा कमी विजय नाहीत. आणि १९९४, १९९५ व १९९७ अशी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे. आज हे आकडे देवघरातल्या पोथीसारखे म्हटले जातात.

परंतु ऑस्बर्न यांना ही मान्यता सहजासहजी मिळालेली नाही. त्यांच्याआधीच्या बॉब डेव्हनी यांनी १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळविली होती. त्या डेव्हनींनाही १९६७ आणि १९६८ या दोन वर्षी प्रत्येकी चार पराभव पाहावे लागले, तेव्हा त्यांना हटवा असे म्हणणारे निघालेच होते. ऑस्बर्न गादीवर आले आणि ओक्लाहोमा या परंपरागत प्रतिस्पर्ध्याकडून सलग पाच वर्षे हरले. ‘माणूस चांगला, पण मोठा सामना जिंकणे याच्या नशिबी नाही’ अशी कुजबुज सुरू झाली. १९७८ मध्ये त्यांनी ओक्लाहोमाला हरविले. पण त्याच मोसमानंतर कोलोरॅडो विद्यापीठाचे निमंत्रण स्वीकारावे की काय, याचा ते गांभीर्याने विचार करीत होते. पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांच्या हाती आले ते बाविसाव्या मोसमात.

मधल्या काळातली एक रात्र या राज्यात अजून कोणी विसरलेले नाही. २ जानेवारी १९८४ रोजी ऑरेंज बाऊलच्या सामन्यात मायामीविरुद्ध खेळताना नेब्रास्काचा अपराजित संघ पिछाडीवरून ३०-३१ पर्यंत येऊन ठेपला. सामन्याचे एक मिनिटही उरले नव्हते. लाथेने एक गुण मिळविला असता तर बरोबरी झाली असती आणि अजिंक्यपद बहुधा नेब्रास्कालाच मिळाले असते. ऑस्बर्न यांनी दोन गुणांची चढाई करण्याचे ठरविले. चेंडू हुकला, सामना गेला, अजिंक्यपदही गेले. जिंकायचे तर निर्विवाद जिंकायचे, बरोबरीच्या आडोशाने नव्हे, ही त्यांची भूमिका होती. तो निर्णय शहाणपणाचा होता की नाही यावर चार दशके चर्चा चालू आहे. विशेष हे की, तो अप्रामाणिक होता असे कोणीच म्हणत नाही. हरूनही आदर वाढावा असे प्रसंग क्रीडेच्या इतिहासात फार थोडे असतात.

सांगण्याचा मुद्दा असा की, ज्या यशाची आज आठवण काढली जाते ते यश धीराच्या पोटी जन्मले. बावीस वर्षे थांबण्याची तयारी लोकांनी मनापासून दाखविली असे नव्हे, कुरकुर होतीच. पण कुरकुरीचे रूपांतर हकालपट्टीत झाले नाही. विद्यापीठाच्या चालकांनी चर्चा ऐकली आणि निर्णय स्वतःच्या विवेकाने केला.

माप बदलले

पुढे हा विवेक सुटला. ऑस्बर्न यांचे सहकारी फ्रँक सोलिच १९९८ मध्ये प्रशिक्षक झाले. सहा वर्षांत ५८ विजय आणि १९ पराभव अशी त्यांची कामगिरी. २००२ चे वर्ष वाईट गेले. २००३ मध्ये संघ सावरला, नऊ सामने जिंकला. आणि त्याच वर्षाअखेर सोलिच यांना काढून टाकण्यात आले. संघाला सामान्यतेकडे घसरू द्यायचे नाही, असे कारण देण्यात आले. त्यानंतरच्या मोसमात संघाने सहा सामने गमावले आणि मोसमाअखेरच्या बाऊल सामन्यात खेळण्याची पस्तीस वर्षांची परंपरा खंडित झाली. सामान्यतेपासून पळताना वाट नेमकी सामान्यतेच्याच दारात गेली.

यातून काही शिकले गेले असे म्हणावे तर २०१४ मध्ये तेच नाट्य पुन्हा घडले. बो पेलिनी यांच्या सात वर्षांच्या कारकिर्दीत एकाही वर्षी नवापेक्षा कमी विजय नव्हते. त्यांचा स्वभाव उग्र होता, बोलणे सैल होते आणि मोठ्या सामन्यांत संघ वाईट रीतीने कोसळत असे, या तक्रारी खोट्या नव्हत्या. तरीही नऊ विजय मिळविणाऱ्या प्रशिक्षकाला निरोप देताना दहावा विजय कोण आणि कसा आणणार, या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळ नव्हते. त्यानंतर आलेल्या माइक रायली यांच्या तीन वर्षांचा हिशेब १९ विजय, १९ पराभव असा झाला.

मग आले घरचेच लेकरू. स्कॉट फ्रॉस्ट हे १९९७ च्या अजिंक्य संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचे सूत्रधार. सेंट्रल फ्लोरिडाचा संघ २०१७ मध्ये अपराजित ठेवून ते मायभूमीत परतले तेव्हा जणू वनवास संपला अशी भावना राज्यभर पसरली. पहिले सहाही सामने ते हरले. पुढील चार वर्षांत चित्र पालटले नाही. २७ ऑगस्ट २०२२ रोजी डब्लिन येथे अकरा गुणांची आघाडी असताना त्यांनी चेंडू आखूड मारून परत मिळविण्याचा जुगार खेळला, तो फसला आणि सामना निसटला. दोनच आठवड्यांत, ११ सप्टेंबरला, त्यांना दूर करण्यात आले. १६ विजय, ३१ पराभव. करारानुसार त्यांना द्यावयाची सुमारे दीड कोटी डॉलरची भरपाई १ ऑक्टोबरनंतर निम्मी होणार होती. तेवढे तीन आठवडेही थांबणे चालकांना असह्य झाले. नऊ विजय अपुरे वाटल्यापासून सुरू झालेला प्रवास येथवर आला.

दुर्दैव की दुर्गुण?

चाहत्यांच्या वादाला बुद्धीचे अंग नसते असे समजणाऱ्यांनी २०२१ च्या मोसमाकडे पाहावे. त्या वर्षी नेब्रास्काने तीन सामने जिंकले आणि नऊ गमावले. पण गमावलेल्या नवांपैकी एकाही सामन्यात हार नऊ गुणांहून मोठी नव्हती. एवढेच नव्हे, तर वर्षभरात संघाने जितके गुण दिले त्याहून अधिक मिळविले होते. आता या आकड्यांचा अर्थ काय?

एक पक्ष म्हणे, हे निव्वळ दुर्दैव आहे. थोडक्यात हुकलेले सामने पुढील वर्षी थोडक्यात जिंकले जातील. नाणे नेहमी एकाच बाजूवर पडत नाही. दुसरा पक्ष म्हणे, नाणे नऊ वेळा त्याच बाजूवर पडले तर नाण्यातच दोष आहे. शेवटच्या पाच मिनिटांत हात थरथरतात, लाथ चुकते, चेंडू सुटतो, याला दैव नव्हे तर शिकवणीतली उणीव म्हणतात. शाळेतल्या शिक्षकांना हा वाद अपरिचित वाटणार नाही. चार गुणांनी नापास होणारा विद्यार्थी पुढच्या खेपेस आपोआप उत्तीर्ण होईल की त्याची अभ्यासाची पद्धतच बदलावी लागेल, हाच तो प्रश्न. २०२२ मध्ये संघाने पुन्हा आठ सामने गमावले, तेव्हा दुसऱ्या पक्षाची सरशी झाली. तथापि पहिल्या पक्षाचा युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हता. शेतकरी, कारकून, शिक्षक यांनी संभाव्यतेच्या शास्त्रातला एक कठीण मुद्दा, त्याचे नाव न घेता, वर्षभर चघळला.

विद्यार्थी आणि वेतनदार

हा सारा वाद ज्यांच्या खांद्यावर उभा आहे ती मुले मात्र वादात फार काळ अदृश्यच राहिली. शिष्यवृत्तीपलीकडे त्यांना काही घेण्यास बंदी होती. ते विद्यार्थी आहेत, मजूर नव्हेत, असे यासाठी सांगितले जाई. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणी प्रक्षेपणावरील राष्ट्रीय क्रीडासंघटनेचे नियंत्रण मोडून काढले. त्यानंतर विद्यापीठांकडे आणि त्यांच्या गटांकडे पैशाचा ओघ सुरू झाला. प्रशिक्षकांची वेतने चढत गेली. २०२२ च्या अखेरीस नेब्रास्काने मॅट रूल यांच्याशी आठ वर्षांसाठी ७ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला, म्हणजे वर्षाला सरासरी साडेब्याण्णव लाख. त्या वेळी राज्याच्या गव्हर्नरांचे वार्षिक वेतन १ लाख ५ हजार डॉलर होते. त्यांच्या अठ्ठ्याऐंशीपट मोबदला घेणारा माणूस मुलांना त्यागाचे महत्त्व सांगतो, यातली विसंगती कधीतरी उघडी पडणारच होती.

ती पडली. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाच्या आणि प्रतिमेच्या व्यापारी वापराबद्दल पैसे घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार प्रत्येक विद्यापीठ पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंना थेट वाटू शकते. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्यावरची बंधनेही सैल झाली. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. ज्याच्या घामावर मळा फुलतो त्याला धान्याचा वाटा मिळालाच पाहिजे. मात्र चर्चेचा स्वर त्याबरोबर बदलला. पूर्वी एखाद्याच्या हातून चेंडू सुटला तर ‘पोरगा आहे, शिकेल’ असे म्हणणारा एखादा तरी वडीलधारा गप्पांत असे. आता ‘एवढे पैसे घेतो, मग चुकतो कसा?’ असे विचारले जाते. मोबदला मिळाला म्हणून एकोणीस वर्षांच्या मुलाचे वय वाढत नाही, ही साधी गोष्ट विसरली जाऊ लागली आहे.

आणि विद्यापीठ? २०२५ च्या उत्तरार्धात लिंकन येथील विद्यापीठाला २ कोटी ७५ लाख डॉलरची तूट भरून काढायची होती. डिसेंबरमध्ये नियामक मंडळाने चार शैक्षणिक विभाग बंद करण्याचे ठरविले. त्यांत भूविज्ञान व वातावरणशास्त्राचा विभाग होता, शैक्षणिक प्रशासनाचा होता आणि संख्याशास्त्राचाही होता. न्यायाने हे सांगितले पाहिजे की, फुटबॉलचा खर्च तिकिटे, प्रक्षेपणाचे हक्क आणि देणग्या यांतून निघतो. वर्गांचा पैसा मैदानावर उधळला गेला असे म्हणता येणार नाही. पण प्रश्न केवळ थैलीचा नाही, लक्ष कोठे आहे याचा आहे. ज्या राज्यात तिसऱ्या संधीला किती यार्ड मिळाले याची टक्केवारी लोकांच्या जिभेवर असते, त्या राज्याच्या विद्यापीठातला संख्याशास्त्राचा विभाग बंद होतो. त्या निर्णयाविरुद्ध प्राध्यापक आणि विद्यार्थी बोलले. परंतु प्रशिक्षकाच्या बदलीवर जेवढे राज्य ढवळून निघते, तेवढे या वेळी निघाले नाही.

यावर उपाय चर्चा थांबविणे हा नव्हे. उलट, एखाद्या सार्वजनिक संस्थेच्या कारभाराचा वर्षानुवर्षे हिशेब ठेवणारा, जुने दाखले तोंडपाठ असणारा, उत्तरदायित्व मागणारा समाज ही दुर्मीळ गोष्ट आहे. लोकशाहीला हवे असलेले सारे गुण या गप्पांत आहेत : स्मरण आहे, आकडे पारखण्याची सवय आहे, मतभेद असूनही शनिवारी एकत्र बसण्याची रीत आहे. प्रेमापोटी अंधत्व आलेलेच असते असेही नाही. स्वतः ऑस्बर्न यांना या लोकांनी २००० साली प्रचंड मतांनी काँग्रेसमध्ये पाठविले, पण २००६ मध्ये गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी ते उभे राहिले तेव्हा पक्षाच्या मतदारांनी दुसऱ्याला निवडले. मैदानावरचे दैवत आणि राज्याचा कारभारी यांतला भेद त्यांना कळतो. ३० ऑगस्ट २०२३ रोजी याच मैदानावर मुलींच्या व्हॉलीबॉल सामन्यासाठी ९२,००३ प्रेक्षक जमले, यावरून त्यांचे मन एकाच खेळात कोंडलेले नाही, हेही दिसले.

कमतरता आहे ती मापात. रूल यांच्या दुसऱ्या वर्षी, २०२४ मध्ये, संघाने सात सामने जिंकले आणि आठ वर्षांनी बाऊल सामना पाहिला, तेव्हा राज्यात समाधानाचा सुस्कारा टाकला गेला. २०२५ मध्ये पुन्हा सातच विजय मिळाले आणि कुरकुर सुरू झाली. एके काळी नऊ ज्यांना अपुरे वाटले, त्यांना सातही पुरले आणि वर्षभरात पुरेनासे झाले. माप असे रबरासारखे ताणले जात असेल तर त्याने कोणाचेच मोजमाप होत नाही. फक्त मोजणाऱ्याची अधीरता मोजली जाते. मेमोरियल स्टेडियमच्या भिंतीवर त्याच विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हार्टली बर अलेक्झांडर यांची वचने कोरलेली आहेत. विजयात नव्हे तर कृतीत गौरव असतो, असा त्यांचा आशय. शंभर वर्षे लक्षावधी लोक त्या भिंतीखालून आत गेले. ‘बारापैकी किती’ या प्रश्नाच्या जोडीला ‘कसे खेळले, काय शिकले आणि शिकवणारे विद्यापीठ कसे आहे’ हे प्रश्नही त्यांनी तेवढ्याच चिकाटीने विचारले, तर ती अक्षरे कोरणाऱ्यांचे श्रम वाया गेले नाहीत असे म्हणता येईल.